गिऱ्हाईक शेजारचंच निघालं, तरी दलाली दिली

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं माझं मशीन शॉप मी गेल्या वर्षी विकलं. फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, येणाऱ्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशीनिंग करून द्यायचं, बहुतेक ट्रॅक्टरचे आणि पंपाचे पार्ट. दोन्ही मुली त्यांच्या कामात रमल्यात, माझे गुडघे साथ देत नव्हते, आणि शॉप जोरात चालू असतानाच चांगल्या हातात जावं अशी इच्छा होती. बंद शॉपची मशीन भंगाराच्या मोलाने जातात. चालत्या शॉपला ऑर्डरींचा, माणसांचा आणि नावाचा भाव येतो.

धास्ती होती ती बातमी फुटण्याची. चहाच्या गाड्यावर सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पोचतं. मालक विकणार असं कळलं की चांगला ऑपरेटर दुसरीकडे बघायला लागतो, काम देणारी पार्टी नवीन पार्टचं काम दुसऱ्याला देते, टूलवाला उधारी आवळतो. मग विकायला उरतं काय? म्हणून मध्यस्थ धरायचं ठरवलं.

मला मिळालेले गृहस्थ पूर्वी बँकेत उद्योगांची कर्जप्रकरणं बघायचे. घरं-फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी लागते, चालता धंदा विकून देणाऱ्याला तशी खास नोंदणी नाही. त्यामुळे ज्यांचे व्यवहार त्यांनी केले होते, त्यांना भेटून खात्री करून घेतली.

दलालीच्या करारावर मात्र मी घासाघीस केली. सुरुवातीला थोडी रक्कम, तीही शेवटच्या दलालीतून वळती व्हायची. बाकी सगळी पैसे माझ्या खात्यात आल्यावर. प्लॉटच्या किमतीवर कमी टक्का, कारण प्लॉट एमआयडीसीचा, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा, आणि त्याची किंमत कुणाच्या मेहनतीने वाढलेली नव्हती. करार संपल्यावरही दलाली लागू राहते, असं एक कलम असतं. ते मी फक्त त्यांनी लेखी नाव कळवलेल्या गिऱ्हाइकांपुरतं ठेवायला लावलं. ही कलमं वकिलाकडून वाचून घ्यावीत, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मग मध्यस्थांनी माझ्या हिशेबाच्या वह्या उघडल्या. गाडी, घरातले मोबाईल, कुटुंबाचा विमा असे धंद्यातून जाणारे घरचे खर्च त्यांनी नफ्यात परत मिळवले. नफा फुगला म्हणून मी खूश झालो, तोवर त्यांनी एका मॅनेजरचा पगार वजा केला. मी स्वतः पगार घेत नव्हतो, पण माझ्या जागी येणारा फुकट थोडाच राबणार? आकडा खाली आला. टोचलं, पण पुढे कुठल्याही गिऱ्हाइकाच्या सीएला तो आकडा पाडता आला नाही. निम्म्याहून जास्त काम एकाच पार्टीचं आहे, हेही त्यांनी गिऱ्हाइकांना दाखवायच्या पहिल्याच कागदात लिहायला लावलं. नंतर कळलं तर भाव त्याच ठिकाणी कोसळतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या पहिल्या कागदावर नाव नव्हतं, गावही नव्हतं. मशीनची कंपनीसुद्धा लिहू दिली नाही, कारण आमच्याकडे त्यावरून शॉप ओळखतात. गुप्ततेच्या करारावर सही झाल्यावरच नाव सांगायचं, आणि शॉप दाखवायचं ते साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.

पुण्याचे, अहमदाबादचे लोक येऊन गेले. शेवटी उभा राहिला तो आमच्याच वसाहतीतला फाउंड्रीवाला, ज्याचं कास्टिंग मी वर्षानुवर्षं मशीन करत होतो. घरी येऊन म्हणाला, ‘‘अण्णा, तुमच्या-आमच्यात तिसरा कशाला? बसूया, मिटवूया.’’ त्याच्या वडिलांशी माझे घरोब्याचे संबंध. समोर बसलो असतो तर मी भाव सोडला असता, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, ‘‘बाळ, चहा घे. पैशाचं त्यांच्याशी बोल.’’ येणी कुणाची, स्टॉक कुठल्या भावाने धरायचा, किमतीतला किती भाग वर्षभर अडकवून ठेवायचा, या सगळ्यावर ते दोघं कडाकडा भांडले, आणि आम्ही एकमेकांना आजही मोकळेपणाने भेटतो. दलालीचा पैसा मला इथे वसूल झाला.

माझ्या सीएने एकेक मशीन वेगळं विकू दिलं नाही. अख्खा चालता धंदा एकगठ्ठा दिला की त्या हस्तांतरावर जीएसटी लागत नाही आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून घेणाऱ्याकडे जातं. धंदा ३६ महिन्यांहून जुना असल्याने नफा दीर्घ मुदतीचा धरला गेला, त्यावर कर १२.५ टक्के आणि वर सेस वगैरे. सगळ्यात वेळ खाल्ला तो एमआयडीसीच्या संमतीने आणि प्लॉट दुसऱ्याच्या नावावर करताना ती घेते त्या रकमेने, डिफरन्शियल प्रीमियमने.

माझा जीव अडकला होता तो माणसांत. सगळ्यांची नोकरी अखंड धरायची, पगार-सवलती कमी करायच्या नाहीत, ग्रॅच्युइटीला जुनी वर्षं मोजायची, हे करारात आल्याशिवाय मी सही केली नाही. त्या ग्रॅच्युइटीपोटी किंमत कमी झाली, ती मी आनंदाने सोडली. फाउंड्रीवाल्यानेही माझ्याकडून लिहून घेतलं की ठरावीक वर्षं जिल्ह्यात हेच काम पुन्हा सुरू करायचं नाही. एरवी अशा अटी कायद्यात टिकत नाहीत, पण धंद्याचं नाव विकताना घातलेली वाजवी अट टिकते.

सह्या झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून कामगारांना सांगितलं. तोवर शॉपमध्ये एकालाही पत्ता नव्हता. मग जुन्या पार्ट्यांकडे त्याला घेऊन हिंडलो, आणि मध्यस्थांचं बिल १८ टक्के जीएसटीसह बँकेतून चुकतं केलं.