राखी वटवट्याची वीण नोंदवताना

राखी वटवट्या या छोट्या पक्ष्याच्या एका जोडीची अख्खी वीण, घरटं बांधण्यापासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत, नोंदवायची असं गेल्या पावसाळ्यात ठरवलं. अट एकच घातली: घरट्यात डोकवायचं नाही. फांदी वाकवून किंवा मोबाइल आत घालून फोटो काढणारे बरेच भेटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणं येतं. कायदा बाजूला ठेवला तरी आपण वाकवलेली फांदी सरड्याला, मांजराला, भारद्वाजाला आयती वाट करून देते.

ओळख पटवायला वेळ लागला नाही. जेमतेम १३ सेंटिमीटरचा पक्षी. पाठ राखी, पोट फिकट तांबूस, डोळे लालसर, लांब शेपूट बहुतेक वेळ उभी. साधा वटवट्या तपकिरी असतो आणि त्याची फिकट भुवई लगेच नजरेत भरते. पानं शिवून घरटं करणाऱ्या शिंपी पक्ष्याची पाठ हिरवट, माथा तांबूस. राखी वटवट्याची विणीच्या दिवसांतली शेपूट एरवीपेक्षा आखूड असते, हे आधी ठाऊक असलेलं बरं, नाहीतर आखूड शेपटीचा प्रत्येक पक्षी शिंपीच वाटू लागतो. राखी वटवट्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केलं ते ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी, १८३२ साली, दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत. म्हणजे आपल्याच माळावरचा पक्षी.

जागा मात्र विचार करून निवडली. दाट झाडी नको आणि मोकळं गवतही नको. तरवड, बोर, घाणेरी, मधे गवताचे पट्टे, असं कमरेइतकं रान त्याला मानवतं. अशा रानाची सरकारी नकाशात गणना बहुधा ‘पडीक’ जमिनीत होते आणि मग तिथे उत्साहाने झाडं लावली जातात. झाडं मोठी झाली की झुडपं दबतात आणि वटवट्या तिथून जातो. वृक्षारोपणाच्या फोटोत हे कुठे दिसत नाही.

पहिले काही दिवस फक्त ऐकण्यात गेले. नर झुडपाच्या शेंड्यावर बसून एकच स्वर न थकता घोकत राहतो. मधूनच वर उडून डुलत-फडफडत खाली येतो आणि तेव्हा विजेची ठिणगी उडाल्यासारखा चट्‌चट् आवाज होतो. हा आवाज पंखांचा की चोचीचा, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मी कितीही जवळून ऐकला तरी मला ठरवता आलं नाही, म्हणून वहीत नुसतं ‘चट्‌चट्, उडताना’ एवढंच लिहिलं. नर कुठल्या कुठल्या झुडपांवरून गातो ते कागदावर मांडलं की त्याच्या हद्दीचा अंदाज येतो. घरटं त्या हद्दीतच असणार, मग सगळं रान तुडवायची गरज उरत नाही.

खरी गंमत कोळ्याच्या जाळ्यांपासून सुरू झाली. गाणं थांबवून जोडीतला एक पक्षी काटेरी फांद्यांमधली जाळी चोचीने गोळा करताना दिसला, की घरटं चालू आहे असं समजावं. हे धागे चिवट असतात आणि पानाला चिकटतात. पानांच्या कडा जोडायला याहून चांगलं सामान रानात मिळायचं नाही. पण वटवट्या दर वेळी पानं शिवतोच असं नाही. कधी रुंद पानं जाळ्याने जोडून त्यात पातळ वाटी करतो, कधी गवताची लांबट पिशवी विणतो, तर कधी गवताचा ढिला गोळाच करून मोकळा होतो. म्हणून शिवलेलं पान दिसलं की शिंप्याचं आणि गवत दिसलं की वटवट्याचं, हा हिशेब चालत नाही. सामान घेऊन कोण आत शिरतं ते पाहायचं, एवढाच खात्रीचा मार्ग.

माझी जोडी पानं जोडणारी निघाली. मी बराच दूर, एका बोरीआड बसायचो. घरटं जवळजवळ पुरं झालं आणि मग काहीतरी बिनसलं. काय ते दिसलं नाही. एके सकाळी दोघं त्याच घरट्यातून काड्या आणि धागे ओढून काढत होते आणि पलीकडच्या झुडपात नेत होते. आधी वाटलं, दुसरीच जोडी चोरी करतेय. पण वटवटे आपल्याच घरट्याचं सामान उचलून दुसरीकडे वापरतात, हे आधीही नोंदलं गेलंय. डोळ्यांसमोर पाहायला मिळालं, यात मी खूश.

दुसरं घरटं झाल्यावर जोडीची वटवट कमी झाली. दोघं आळीपाळीने आत जायचे. अंडी चकचकीत, विटकरी ते गडद तांबूस रंगाची असतात, साधारण ३ ते ५, हे वाचलेलं. ती पाहायचा मोह तेव्हाच सर्वांत जास्त होतो. उबवण सुमारे १२ दिवसांची. त्या काळात कारुण्य कोकिळेची आर्त साद जवळूनच येऊ लागली. ती आपलं अंडं वटवट्याच्या घरट्यात घालते, त्यामुळे पुढे पिल्लू कुणाचं निघणार हा प्रश्न राहिलाच.

पिल्लं निघाल्याचं आधी चोचींनी सांगितलं. दोघं हिरव्या अळ्या, नाकतोडे, कोळी घेऊन आत जायला लागले आणि बाहेर येताना पिल्लांच्या विष्ठेच्या पांढऱ्या पिशव्या दूर नेऊन टाकायला लागले. या दोन खुणा मिळाल्या की पिल्लं आहेत याचा पुरावा मिळाला. पान उलटून पाहायचं कारण नाही. मी जास्त जवळ सरकलो की दोघं शेंड्यावर येऊन ओरडायचे. ओरड थांबेपर्यंत मागे सरकायचं, हा अंतराचा साधा नियम मला तिथेच मिळाला. शेवटी झुडपाबाहेर आली ती तोकड्या शेपटीची वटवट्याचीच पिल्लं. कोकिळेचं त्यांत नव्हतं.

नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर केली. तिथे विणीचे ठरलेले संकेत असतात: नुसतं गाणं म्हणजे वीण ‘शक्य’, चोचीत घरट्याचं सामान, चोचीत खाऊ, विष्ठेची पिशवी, नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं, या नोंदींवर ती ‘निश्चित’ धरली जाते. प्रत्येक फेरीला जे दिसलं तेवढाच संकेत दिला. तर्क टिपणीत वेगळा लिहिला, आणि सामान हलवल्याचा प्रसंग सविस्तर. घरट्याचं झुडूप कुठलं, ते मात्र जाहीर टिपणीत घातलं नाही. एका ओळखीच्या पक्षीनिरीक्षकाने यादी पाहून विचारलं, “अंडी किती होती?” मी म्हटलं, “मोजली नाहीत.” त्याला ते अपुरं वाटलं. मला ती नोंद पुरी वाटते, कारण पिल्लं बाहेर आली आहेत.