दुपट्याखालचा खुळखुळा

नात दहा महिन्यांची झालीय. दुपारी उठली की आमचा खेळ ठरलेला. जमिनीवर दोन दुपटी, एक पिवळं, एक निळं. "बघ हं, कुठे गेला खुळखुळा?" म्हणत मी तो पिवळ्याखाली लपवते, ती ओढून काढते. असं तीन-चारदा झालं की मी तिच्या डोळ्यांदेखत तो निळ्याखाली सरकवते. आणि ती उचलते पिवळंच! खाली काहीच नाही. मग दुपटं मुठीत तसंच धरून माझ्या तोंडाकडे बघत बसते.

ही चूक स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांचं निरीक्षण करताना टिपली होती. नजरेआडची वस्तू आपल्या जागी असतेच, ही समज बाळाला अजून पुरती आलेली नसते, असा त्यांचा निष्कर्ष. मला तो कधी पटला नाही. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ रेने बायार्जॉन यांनी साडेचार महिन्यांच्या बाळांना एक फळी दाखवली. फळीमागे खोका होता, तरी ती आरपार गेल्यासारखी मागे आडवी पडायची. बाळं त्या अशक्य दृश्याकडे जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे खोका दिसत नसला तरी त्यांच्या लेखी तो तिथेच होता.

मग माझ्या नातीचा हात का चुकतो? सवयीने जातो, हे एक कारण सांगतात. पण २००८ मध्ये हंगेरीचे संशोधक योझेफ टोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा महिन्यांच्याच बाळांसोबत हा खेळ वेगळ्या तऱ्हेने खेळून पाहिला. लपवणाऱ्याने बाळाकडे न बघता, न बोलता वस्तू लपवली, तर चुका बऱ्याच कमी झाल्या! डोळ्यांत बघून बोललं की बाळाला वाटतं, हे मला काहीतरी शिकवतायत, 'खुळखुळ्याची जागा ही', असं त्यांचं म्हणणं. हे वाचलं तेव्हा माझा गळा दाटून आला. वस्तू विसरते म्हणून नाही, माझ्यावर विश्वास टाकते म्हणून ती चुकते.

काल करून बघितलं. मान वळवली, ओठ मिटले, खुळखुळा निळ्याखाली. तिने निळंच उचललं. एकदाच झालं हे, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पुन्हा लपवायला गेले, तर लेक आतून म्हणाली, "आई, आज एवढी गप्प का गं?"

नातीने खुळखुळा टाकला, रांगत माझ्या मांडीशी आली, उभी राहिली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड आपल्याकडे वळवलं.