ग्रीन टी का सोडलीत, सर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी टोकतंच, "सर, आम्हाला ग्रीन टीला लावलंत आणि स्वतः टपरी गाठता होय?" गाठतो. आलं घातलेला, दुधाचा, दोन चमचे साखरेचा. हसून वेळ मारून नेतो, कारण खरं उत्तर एका फेरीत संपत नाही.

मी ग्रीन टीने आजारी पडलो नाही, तिच्या अर्काच्या कॅप्सूलने पडलो. "म्हणजे एकच की!" नाही हो, एकच नाही. कपभर ग्रीन टीत ईजीसीजी, म्हणजे तिचं ते प्रसिद्ध अँटिऑक्सिडंट, साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम असतं. माझ्या एका कॅप्सूलमध्ये ४०० होतं. रोज ८०० किंवा त्याहून जास्त पूरक गोळ्यांतून गेलं तर रक्तात लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे लिव्हर दुखावल्याची खूण, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलं होतं. डबीवर लिहिलेलं, दिवसातून दोन, जेवणानंतर. मी पहाटे साडेपाचला दोन्ही एकदम, उपाशीपोटी. उपाशीपोटी ते रक्तात जास्त उतरतं हे मला माहीत होतं, म्हणूनच तसं घ्यायचो. महिन्याभरात वजन हलेना, तेव्हा संध्याकाळची तिसरी सुरू केली.

आणि मी विज्ञानाचा मास्तर! सफरचंदाची फोड लिंबू लावून ठेवायची, दुसरी तशीच, आणि तास संपताना मुलांना दाखवायचं, बघा, लिंबू लावलेली काळी पडली नाही, हे अँटिऑक्सिडंट. वीस वर्षं हेच केलं. लिव्हरची पेशी म्हणजे बशीतली फोड नव्हे, एवढं मला कळायला हवं होतं. थोडं असताना जे ऑक्सिडेशन थोपवतं, तेच फार झालं की पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, उलटं काम करतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच दोन फॉरवर्ड पाठवले असते.

दोन महिने झाले असतील. अन्नावरची वासना गेली, लघवी कोऱ्या चहासारखी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होतो तर ही म्हणाली, "इकडे बघा. अहो, डोळे बघू." बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं ते पिवळं द्रव्य, ९.४. एसजीपीटी, हे लिव्हरचं एक एन्झाइम, अकराशेच्या वर. चाळीसच्या आत असावं लागतं.

डॉक्टरांनी तीनदा विचारलं, दारू किती घेता? तिसऱ्यांदा मला बाहेर बसवून हिला विचारलं. नाशिकमध्ये राहून, द्राक्षाच्या गावात, थेंबही नाही? त्यांचा विश्वास बसेना आणि मला त्याचाच राग येत होता. मग विचारलं, आणखी काही औषधं? मी म्हणालो, "काही नाही." खोटं बोललो नाही. ते माझ्या लेखी औषध नव्हतंच.

हिने टूथब्रशबरोबर डबीही पिशवीत टाकली होती. ॲडमिट असताना दोन दिवस मी रोज पहाटे पाठ फिरवून दोन कॅप्सूल घेत होतो. हाताला सलाइन, आणि गळ्यात काविळीची माळ, सिन्नरहून सासूबाईंनी आणलेली. ही माळ आधी डोक्यावर ठेवतात, कावीळ उतरते तशी ती लांबत गळ्यात येते म्हणे. ओल्या काड्या सुकल्या की गाठी सैल होणारच, हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि तरी घातली. तिसऱ्या पहाटे थर्मामीटर घेऊन आलेल्या सिस्टरने डबी पाहिली.

"काका, हे काय घेताय?"

"ग्रीन टी आहे ती. लिव्हरसाठीच."

ती काही बोलली नाही. डबी घेऊन गेली.

हिपॅटायटिस ए, ई, सगळे निगेटिव्ह. सोनोग्राफीत पित्ताचा खडा नाही. कॅप्सूल बंद केल्या आणि आकडे उतरायला लागले. पूर्ववत व्हायला अडीच महिने गेले. सासूबाई अजून माळेचं नाव घेतात.

आता जे मला पटवता येत नाही तेही सांगतो. ट्रॅकवरचे एक मित्र, माझ्याच सांगण्यावरून, तीच डबी वर्षभर घेत होते. त्यांना काही म्हणता काही झालं नाही. ग्रीन टीच्या अर्काने लिव्हर बिघडलेल्या अमेरिकेतल्या रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकाचा प्रकार बऱ्याच जणांत सापडला. माझा कुणी तपासलेला नाही. तेव्हा दोष माझ्या रक्ताचा, डबीचा, की तिसऱ्या कॅप्सूलचा? डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं वगळत गेलं की उरतं ते कारण. मास्तराला असं उत्तर चालत नाही. मी मुलांचे मार्क कापले असते.

दोन कप घेऊ का, असं विचाराल तर घ्या, खुशाल घ्या. ही रोज घेते, त्याच खिडकीशी उभी राहून. उकळतं पाणी पडलं की गवतासारखा वास घरभर पसरतो आणि मी चप्पल घालून टपरीकडे निघतो.