तंबोरा तालावर वाजत नाही

आज सकाळीच सांगलीहून मिरजेला गेलो. माझ्या नव्या हाऊस ट्रॅकसाठी (हाऊस म्हणजे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) तंबोरा रेकॉर्ड करायचा होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, आणि मी इतक्या जवळ राहून आजवर एकाही वाद्य बनवणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो.

दुकानातल्या वाद्य बनवणाऱ्या चाचांनी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा हलकेच सरकवला आणि जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, बोलायला लागली. त्या भोपळ्यातून जे उठलं ना, ते माझ्या कुठल्याच सिंथमध्ये (इलेक्ट्रॉनिक वाद्यात) नाही. अंगावर काटा आला.

मी मोबाईलवर १२० बीपीएमचा क्लिक, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, लावला. "चाचा, याच्यावर छेडता का?"

"बाळा, तंबोरा तालावर वाजवत नसतात. तो सूर धरून बसतो. ताल त्याच्याभोवती फिरतो."

क्लिक बंद केला.

घरी येऊन बघतो तर तंबोऱ्याचा षड्ज (सा) सी शार्प आणि डी या पाश्चात्य सुरांच्या मधे कुठेतरी. तंबोरा ओढूनताणून सुरात बसवणं जिवावर आलं, म्हणून सी शार्पमधला बेसच ३० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर चढवला. तंबोऱ्यातलं १५० हर्ट्झच्या खालचं कापून किकला (ड्रमच्या खालच्या ठोक्याला) जागा दिली, सायडचेन, म्हणजे किक पडताना बाकीचा आवाज खाली दबवणं, अगदी हलकं. ४ बारचा (४-४ ठोक्यांचे चार गट) लूप करून पाहिला, म्हणजे बरोबर ८ सेकंद, पण प्रत्येक फेरीला जोड कानाला खुपत होता. मग लूप काढूनच टाकला. ६ मिनिटांचं रेकॉर्डिंग सलग तसंच खाली सोडलंय.

रविवारी हेडफोन घेऊन परत मिरजेला जाणार आहे. पहिल्यांदा चाचांना ऐकवायचंय.