घंटेच्या मागावर: जुने गोवे ते पणजी

पणजीच्या चर्चची घंटा मुळात पणजीची नाही, हे मला सावंतवाडीच्या मावशीकडून कळावे, याची थोडी लाजच वाटली. माझा जन्म फोंड्याचा, कॉलेजची तीन वर्षे पणजीतच गेली, आणि चर्चच्या त्या पांढऱ्या नागमोडी पायऱ्यांपाशी मित्रांची वाट पाहत मी असंख्य संध्याकाळी घालवल्या आहेत. मान वर करून त्या घंटेची चौकशी करावी असे मात्र कधी सुचले नाही. मावशीने पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे. दिवाळीनंतर ती आमच्याकडे आली असता चहा पिता पिता म्हणाली, "अरे, ती घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठाची. तुमची पणजी म्हणजे दुसऱ्या घरचे सामान आणून थाटलेला संसार आहे." हे सामान कुठून निघाले आणि कुठे पोचले, ते पाहण्यासाठी आम्ही दोन दिवस राखून ठेवले.

पहिल्या दिवशी सकाळी पातळभाजी-पाव खाऊन आम्ही कदंबच्या बसने जुन्या गोव्याला उतरलो. बॉम जेझस बासिलिका आणि से कॅथेड्रल या दोन ठिकाणांना टाळून पुढे जाता येत नाही, आणि तसे जाऊही नये. परंतु सहलींच्या बसगाड्या लागायच्या आत तिथून बाहेर पडावे, हे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर निधन झाले, त्यांचे शव गोव्यात आणले गेले आणि पुढे टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने त्यासाठी इटलीहून संगमरवरी चौथरा पाठवला. म्हणजे तिथेही गोष्ट वाहून आणण्याचीच. कॅथेड्रलचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' म्हणून ओळखली जाणारी घंटा आहे. गोव्यातली सर्वांत मोठी घंटा ती, आणि आमची पणजीची तिच्या खालोखालची मानतात.

कॅथेड्रलला लागूनच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या जुन्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे. ते 1964 पासून इथे आहे, तरीही समोरच्या गर्दीतला दहावा हिस्सासुद्धा इकडे वळत नाही. दारातून आत गेले की गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कचा प्रचंड ब्राँझचा पुतळा सामोरा येतो आणि पुढे पोर्तुगीज कवी लुईश द कामोंइश हातात कागद घेऊन उभा असतो. हा कामोंइश पूर्वी बाहेर चौकात उघड्यावर होता. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची तैलचित्रे ओळीने लावली आहेत. ही परंपरा 1547 मध्ये जुआंव द काश्त्रू याने सुरू केली. चित्रे आधी जुन्या गोव्यातल्या राजवाड्यात होती, राजधानीबरोबर पणजीला गेली आणि मुक्तीनंतर पुन्हा जुन्या गोव्याला परतली. साठेक चेहरे एकापाठोपाठ एक पाहिल्यावर दाढ्या आणि चिलखते यांखेरीज फारसे काही लक्षात राहत नाही, हे कबूल केले पाहिजे.

मावशी मात्र खालच्या दालनातून हलेना. तिथे कदंब राजांच्या काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड आहेत, आणि त्यांतल्या एका दगडावर नौकायुद्ध कोरलेले आहे. वल्ह्यांची रांग, वर दाटीने उभे असलेले योद्धे, आणि नेहमीच्या रीतीप्रमाणे वरच्या चौकटीत स्वर्गाला पोचलेला वीर. दगड झिजलेला असल्यामुळे समोरून काही कळत नाही. बाजूला सरकून खिडकीचा उजेड तिरका पडला की वल्ही एकेक करून वेगळी दिसू लागतात. आम्ही दोघांनी ती मोजायचा प्रयत्न केला आणि दोघांचे आकडे वेगळे आले. सह्याद्रीच्या वर वीरगळांवर गाईगुरांसाठी झालेल्या लढाया दिसतात; इथे मात्र माणूस समुद्रात पडला आणि त्याचा दगड गावात उभा राहिला.

दुपारी मोंते सांतोची चढण चढताना मावशीच्या चपलेचा अंगठा तुटला. पर्समधली पिन काढून तिने तो तात्पुरता जोडला आणि उरलेली टेकडी पाय घासत घासत, पण न थांबता चढली. वर सेंट ऑगस्टीन चर्चचा जांभ्या दगडाचा मनोरा अर्धाच उभा आहे. तो मूळचा 46 मीटर उंचीचा. गोव्यातले धार्मिक संघ 1835 मध्ये बंद करण्यात आले, मठ ओस पडला, 1842 मध्ये चर्चचे छत कोसळले आणि 1931 मध्ये दर्शनी भागही गेला. छत कोसळण्याच्या सुमारास इथली घंटा निघाली ती प्रथम आग्वादच्या दीपगृहावर आणि तिथून 1871 मध्ये पणजीच्या चर्चवर. याच अवशेषांमध्ये जॉर्जियाच्या राणी केतेवान यांच्या अस्थी सापडल्या. 1624 मध्ये इराणमधील शिराझ इथे त्यांना ठार मारण्यात आले आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी त्यांच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाल्यानंतर 2021 मध्ये भारत सरकारने त्यांतल्या काही अस्थी जॉर्जियाला भेट दिल्या.

समोरच सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. तेही मूळचे इथले नव्हे: 1994 मध्ये ते राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, सुरू झाले आणि 2002 मध्ये इकडे आले. मला तिथली एकच वस्तू पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते, ती म्हणजे चांदीचा पेलिकन. पिलांना स्वतःच्या छातीतले रक्त पाजणारा हा पक्षी ख्रिस्ती परंपरेत आत्मार्पणाचे प्रतीक मानला जातो. पिसे एकावर एक अशी काही बसवली आहेत, की आपल्याकडच्या देवांच्या चांदीच्या प्रभावळी डोळ्यांसमोर याव्यात. मावशी बराच वेळ काचेशी उभी राहिली आणि म्हणाली, "हात आपल्याच माणसांचे दिसतायत रे."

उतरताना रस्त्याकडेला सेंट पॉल कॉलेजची एकुलती एक कमान लागली. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये याच कॉलेजात आला. मराठी वाचकाने तरी या कमानीपाशी घटकाभर थांबायला हरकत नाही, कारण 1616 मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध पुराण राशोलला छापले गेले, त्याची वाट इथूनच सुरू होते. तिथे आमच्याशिवाय कुणीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही रायबंदरच्या रस्त्याने पणजीत शिरलो. रायबंदर आणि पणजी यांना जोडणारा बांध 1633-34 मध्ये लिन्यारेशच्या काउंटने बांधवला, आणि आजही बस त्यावरूनच धावते. एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खाजन म्हणजे बांध घालून राखलेली खारी जमीन, मिठागरे, खारफुटी आणि पाणी अडवणाऱ्या मानशी असा हा पट्टा कोणत्याही फलकावर उद्यान म्हणून नोंदलेला नाही. माझ्या मते मात्र पणजीतली सर्वांत सुंदर हिरवळ हीच आहे.

मांडवीच्या काठावरच्या निळ्या इमारतीत सीमाशुल्क आणि जीएसटी यांचे 'धरोहर' नावाचे संग्रहालय आहे. नाव ऐकून मावशीने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आत शिरल्यावर तस्करांच्या हिकमती पाहताना तीच मला पुढचे दालन पाहू देईना. भारत-नेपाळ सीमेवर रक्सौलला पकडलेले ऐन-इ-अकबरीचे हस्तलिखितही इथे आहे. करवसुलीचा भाग आम्ही भराभर ओलांडला.

तिथून आझाद मैदान. मधल्या मंडपाचे नक्षीदार खांब जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन चर्चच्या अवशेषांतून आणलेले आहेत. या मंडपात पूर्वी आल्बुकर्कचा पुतळा होता, आता गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी टी. बी. कुन्हा यांचे स्मारक आहे. जवळच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासू यांनी 1935 मध्ये केलेल्या निळ्या फरशा आहेत, ज्यांवर कालच्या त्या कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. ओळखीचा माणूस पुन्हा भेटावा तसे वाटले.

दुपारचे ऊन उतरेपर्यंत आम्ही काम्पालच्या उद्यानात नदीपलीकडचा रेइश मागूशचा किल्ला पाहत बसलो, आणि मग चर्चसमोरच्या पालिका उद्यानात आलो. हे उद्यान गार्सिया द ओर्ता याच्या नावाचे आहे. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला, आणि कामोंइशची छापून आलेली पहिली कविता त्याच ग्रंथात आहे. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. तो 1568 मध्ये वारला, तर 1580 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाने, त्याची हाडे उकरून काढून जाळली. बागेतल्या स्तंभावर एकेकाळी वास्को द गामा होता, आज अशोकचिन्ह आहे. खालच्या बाकांवर मुले आइस्क्रीम खात होती.

"आणि त्या इन्क्विझिशनचा क्रूस?" मावशीने विचारले. तो चालत पाच मिनिटांवर, फोंतेन या जुन्या वस्तीतल्या सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात आहे. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातून तो आधी पणजीतल्या आदिलशहाच्या राजवाड्यात आला आणि 1918 मध्ये इथे. बहुतेक क्रूसांवर येशूची मान झुकलेली आणि डोळे मिटलेले असतात. या क्रूसावर मान ताठ आहे आणि डोळे उघडे आहेत. चौकशीसाठी समोर उभ्या केलेल्या माणसाला हेच डोळे दिसत असणार. मावशी कपेलात फार वेळ थांबली नाही.

आम्ही परत चर्चच्या पायऱ्यांपाशी आलो. दिवेलागणीला घंटा वाजली, तेव्हा मावशी पिन लावलेली चपल हातात घेऊन पायरीवर बसली होती. फोंड्याची बस पंधरा मिनिटांनी होती आणि स्टँड गाठायचा होता. ती म्हणाली, "थांब, पुरती वाजू दे." बस चुकली, पुढची अर्ध्या तासाने मिळाली.