जालना ते बेथेल, सायकलवर

जालन्यातली निम्मी पोरं सायकल काढली की घाणेवाडी तलावाकडे पळतात, पण माझं ऐकाल तर एका रविवारी अंबड चौफुलीवरून अंबड रोड धरा आणि बेथेलला जा. अंतर फार नाही, सकाळी सातच्या आत निघायचं म्हणजे ट्रक कमी लागतात, आणि शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंनी कापूस, तूर, मधेच मोसंबीच्या बागा, खोडांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावून खालून फिकट निळसर केलेल्या.

बेथेल म्हणजे नुसतं चर्च नाही, अख्खं गाव वसवलेलं आहे आणि मला त्याचंच जास्त कौतुक वाटतं. नारायण शेषाद्री म्हणून एक ब्राह्मण गृहस्थ, १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. शाळेत बाळशास्त्री जांभेकरांच्या धड्यात श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण वाचलं असेल ना, मिशनऱ्यांकडे राहिलेला तो लहान मुलगा, ज्याला कोर्टाने वडिलांकडे परत दिलं आणि बाळशास्त्रींनी प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायला लावलं, तर त्याचे हे थोरले भाऊ! धाकटा घरी परतला आणि थोरला पुढे आपल्या जालन्याला आला, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? तेव्हा इथे निजामाचं राज्य, दिवाण सालारजंग, त्यांच्याकडून शेषाद्रींनी जमीन मिळवली आणि ज्यांना गावात कोणी उभं करत नव्हतं अशा दलित ख्रिस्ती कुटुंबांना तिथे घर आणि शेती मिळाली. हाच माणूस १८७३ ला न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलून आला. जालन्यात त्यांच्या नावाची चर्चा रोज व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

रविवारीच जा म्हणतो कारण तेव्हा उपासना असते. दाराबाहेर चपलांची रांग, आत पेटीवर मराठी भजन, चाल अगदी आपल्या कीर्तनातली. मी बाहेरच घुटमळत होतो तर एक आजी म्हणाल्या, "लेकरा, सायकल लिंबाखाली लाव अन् ये की आत, उन्हात कशाला उभा राहतोस." त्यामुळे लाजू नका, फक्त उपासना चालू असताना मोबाईल काढून फोटो मारत बसू नका, लोक प्रार्थनेला आलेले असतात.

पाणी जास्तीचं घ्या, मार्चनंतर तर दुपारी नकोच. पायात दम असेल तर तसंच पुढे गोलापांगरीला चहा घेऊन अंबडला मत्स्योदरी देवीचं दर्शन होतं, गडाच्या पायऱ्यांसाठी थोडा जोर राखून ठेवा.