आमची वाटचाल: व्हीसीआरच्या हेडपासून गेमच्या डिस्कपर्यंत

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शिरलात की दोन्ही बाजूंना वायरी, दिवे, पंखे, स्पीकर यांची गर्दी. त्यातून आत वळलं की एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आमचं दुकान. पाटीवर अजून ‘टेप, व्हीसीआर दुरुस्ती’ असंच आहे. ती बाबांनी रंगवून घेतलेली, त्यामुळे बदलायची कोणाची छाती नाही. आत मात्र बरीच वर्षं मुख्य काम व्हिडिओ गेमचं चालतं: कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र), त्यातली डिस्क वाचणारी लेन्स, आणि चरे पडलेल्या डिस्क.

बाबांचा हात व्हीसीआरवर बसलेला. चित्र थरथरतंय, पट्ट्या येतायत अशी तक्रार आली की ते स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी स्पिरिट आणि मऊ चामड्याचा तुकडा घ्यायचे. हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, पुसायचे, कॅसेट लावून बघायचे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटायच्या, आणि त्याचे ते फार कमी पैसे घ्यायचे. आईला ते मुळीच पटत नसे. पण आमच्याकडचं पुढचं सगळं काम त्या पुसण्यातूनच निघालं, म्हणून आधी सांगितलं.

२००० साली जपानमध्ये सोनीचा प्लेस्टेशन टू हा कन्सोल निघाला. आमच्याकडे आधी आले ते कोणाच्या तरी काकांनी दुबईहून, सिंगापूरहून आणलेले सेट. गिऱ्हाईक सेट काउंटरवर ठेवून निदान करूनच बोलायचं, “लेन्स गेलीय, बदलून द्या.” मी आणि धाकटा भाऊ आमच्याकडची एक चांगली डिस्क घालून बघायचो, तर सेट व्यवस्थित चालायचा. लेन्स बदलली असती तर पैसे मिळाले असते आणि घरी गेल्यावर तीच डिस्क पुन्हा अडकली असती. तेव्हापासून एक नियम ठेवला, सेट दुरुस्तीला आला की सोबत अडणारी डिस्कही मागायची. आणि त्या डिस्कचं काय करायचं हे आम्हालाच शोधावं लागलं, कारण बाजारात ते काम करणारं आमच्या माहितीत कोणी नव्हतं.

चरा पडला म्हणजे गेम पुसला गेला असं लोकांना वाटतं. प्लेस्टेशन टूच्या डीव्हीडीच्या बाबतीत तसं नसतं. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि माहिती त्यांच्या मध्ये. लेझर खालून येतो, पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकमधून जातो, आतल्या चकाकत्या थरावर आपटून परत फिरतो. खालच्या पृष्ठभागावरचा चरा त्या प्रकाशाला वाकडा करतो, विखुरतो. माहिती आत शाबूत असते, फक्त लेझरला दिसत नाही. चऱ्याच्या कडा घासून सपाट केल्या की प्रकाश पुन्हा सरळ जायला लागतो. आमचं सगळं कौशल्य एवढ्यावर उभं आहे: भरायचं काही नसतं, आजूबाजूचं थोडं उतरवायचं असतं.

चरा कुठल्या दिशेचा आहे यावरही बरंच ठरतं. डिस्कवर मूळ माहितीबरोबर दुरुस्तीसाठी जादा माहिती पेरलेली असते, रीड-सोलोमन नावाच्या पद्धतीने. मधले काही तुकडे वाचता आले नाहीत तरी कन्सोल गणित करून ते भरून काढतो. मधून कडेकडे गेलेला चरा माहितीच्या प्रत्येक गोल फेऱ्याला जेमतेम छेदतो, त्यामुळे तो दिसायला भयंकर आणि वागायला गरीब असतो. गोल फिरणारा चरा मात्र एकाच फेऱ्यावर लांबच्या लांब पसरतो आणि कन्सोलचं गणित कोलमडतं. म्हणून डिस्क गोल गोल पुसू नका, मधून कडेकडे सरळ पुसा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. मान सगळे डोलावतात.

घासायचं कसं ते आम्हाला नाना पेठेत कळलं. तिथे गाड्यांचे पिवळे पडलेले हेडलाइट चकचकीत करून देणारा एक कारागीर होता. हेडलाइटची ‘काच’ही पॉलिकार्बोनेटचीच. त्याने सांगितलं की कोरडं घासायचं नाही, आडवं-उभं मिसळायचं नाही, आणि जोरात बफ (पॉलिशची फिरती गादी) फिरवला की प्लॅस्टिक तापून लोळतं. बोहरी आळीतून बारीक नंबरांचा वॉटर पेपर आणला, पाण्याच्या धारेखाली दोन हजारने सुरुवात, मग तीन हजार, मग प्लॅस्टिकचं पॉलिश आणि मऊ फेल्ट. भंगारातल्या सिनेमाच्या डीव्हीडींवर आधी हात बसवला. गाडीच्या रंगासाठीचं रबिंग कंपाउंड इथे चालत नाही, ते फार खरबरीत.

पुढे परदेशातल्या व्हिडिओ लायब्रऱ्या वापरायच्या तसलं एक जुनं पॉलिशचं मशीन एका ओळखीच्या गृहस्थांमार्फत मिळालं. त्याने सगळीकडे सारखा थर निघतो, हे मोठं काम झालं. हाताने एकाच चऱ्यावर घासत बसलं की तिथे खळगा पडतो आणि लेझरला तो चऱ्याइतकाच त्रास देतो.

घरगुती उपायांबद्दल इथेच बोलतो. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे उथळ ओरखडा तिने खरंच कमी होतो, पण मागे धुरकट पट्टा राहतो आणि तो काढायला आमच्याकडे यावं लागतं. एका आजोबांनी नातवाची डिस्क राखुंडीने घासून आणली होती. दातांची निष्ठा डिस्कवर चालत नाही. त्याहून वाईट नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर. रिमूव्हरमधलं ॲसिटोन पॉलिकार्बोनेटला आतून तडकवतं, पृष्ठभाग दुधाळ होतो, आणि मग काही होत नाही. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही मऊ कापडावर, आणि सावकाश.

धंदा वाढला तो गेम पार्लरमुळे. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता, जिथे कॉलेजची पोरं राहतात तिथे तासावर गेम खेळायची दुकानं निघाली. त्यांच्या डिस्क म्हणजे बघवत नसत. डबे कधीच हरवलेले, डिस्क एकावर एक रचून टेबलावर, हाताला वडापावचं तेल, आणि डिस्क बदलताना मधलं भोक आणि कड धरायची सोडून सरळ पोटावर बोट. आणखी एक गोष्ट, डिस्क आत फिरत असताना उभा ठेवलेला कन्सोल कोणीतरी आडवा करायचं किंवा जागेवरून सरकवायचं. फिरती डिस्क हलली की आतल्या भागाला घासते आणि नीट वर्तुळाकार चर पडते, कंपासने काढल्यासारखी. ही चर खोल असते आणि दिशाही नेमकी वाईट. अशा डिस्कपैकी थोड्याच वाचतात.

या पार्लरवाल्यांशी आम्ही महिन्याचा करार करायला लागलो तेव्हा भावाने मला वेडं ठरवलं, कारण करारात पॉलिशपेक्षा चरे पडूच नयेत याची कामं जास्त होती. प्रत्येक डिस्कला डबा, कन्सोलला भिंतीलगत घट्ट फळी, डिस्क बदलायचं काम फक्त काउंटरवरच्या मुलाकडे, आठवड्याला एकदा आमची फेरी. पॉलिशला येणाऱ्या डिस्क कमी झाल्या, म्हणजे त्या बाजूने उत्पन्नही. पण करार टिकले, आणि पार्लर बंद होईपर्यंत टिकले.

कॉपीचा विषय टाळून चालणार नाही. त्या काळात बाजारात मूळ डिस्कपेक्षा घरी ‘जाळलेल्या’, म्हणजे कॉम्प्युटरवर लेझरने कॉपी लिहिलेल्या, डिस्क जास्त फिरत. आम्ही कॉपी करून द्यायचो नाही, पण दुरुस्तीला त्या यायच्याच. छापील डिस्कवर माहिती खड्ड्यांच्या रूपात ठोकलेली असते, जाळलेलीवर ती रंगद्रव्याच्या थरात असते, म्हणून तिच्या पोटाला जांभळट झाक दिसते. तो रंग उन्हाने, उष्णतेने विटतो. वरचा चरा आम्ही काढून देऊ, पण विटलेलं परत आणता येत नाही. हे आधी सांगितलं तरी गिऱ्हाईक म्हणायचं, “बघा ना काहीतरी.” म्हणून बघायचे पैसे वेगळे ठेवले.

‘नाही’ म्हणायच्या आणखी जागा आहेत. जुन्या प्लेस्टेशनच्या सीडीत माहितीचा थर वरच्या, म्हणजे चित्राच्या बाजूला असतो, त्यावर फक्त लाखेचा पातळ लेप. डिस्क बल्बसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढा उजेड पलीकडून आला तर तिथला थरच गेलेला आहे. पोटावर कितीही पॉलिश करा, फायदा नाही. लोक सीडीचं पोट जिवापाड जपतात आणि पाठीवर बॉलपेनने नाव लिहितात!

कोकणातून येणाऱ्या डिस्क ही वेगळी जमात. पावसाळ्यात कागदी पाकिटं ओल धरतात, प्लॅस्टिकचे पाऊच घामेजून डिस्कला चिकटतात आणि ठसे सोडतात. कडेच्या लाखेतून ओल शिरली की ॲल्युमिनियमचा थर काळवंडतो. बुरशीही धरते. वरवरची बुरशी पुसून निघते, पण २००१ साली स्पेनमधल्या संशोधकांनी बेलीझहून आलेल्या एका सीडीत आतपर्यंत पोहोचलेली बुरशी दाखवली होती. आम्ही देवगड-मालवणच्या गिऱ्हाइकांना कडक डबा, उभी मांडणी आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या एवढंच सांगतो. लोखंडी कपाट भिंतीला टेकवू नका, हेही.

२००६ च्या शेवटी प्लेस्टेशन थ्री आला आणि त्याच्याबरोबर ब्लू-रे ही नव्या प्रकारची डिस्क. इथे आमच्या पॉलिशचा पाया हलला. डीव्हीडीत लेझरच्या वाटेवर ०.६ मिलिमीटर प्लॅस्टिक असतं, ब्लू-रेत फक्त ०.१. सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क ओरखड्यांच्या धास्तीने प्लॅस्टिकच्या कवचात घालून यायच्या. मग टीडीकेसारख्या कंपन्यांनी कडक लेप शोधून काढला आणि कवच गेलं. हा लेप खरोखर चिवट आहे, नुसत्या हाताळणीने त्यावर सहज चरा पडत नाही. पण तो काही मायक्रॉनचाच, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढा. आमच्या मशीनवर डिस्क चढवली की पहिल्या फेरीत आधी तोच निघतो. गिऱ्हाईक खूश होऊन जाईल, आणि उघड्या पडलेल्या मऊ प्लॅस्टिकवर महिन्याभरात पहिल्यापेक्षा जास्त चरे येतील. नाना पेठेतला माणूस हेडलाइटबद्दल हेच सांगायचा, की कंपनीचा लेप काढलास तर वरून दुसरा दे, नाहीतर पुन्हा पिवळा पडणार. हेडलाइटवर लेप देता येतो. डिस्कवर तेवढ्या नेमकेपणाने देणं दुकानात शक्य नाही.

म्हणून ब्लू-रे घासायची नाही असं ठरवलं. घरात यावर चांगली वादावादी झाली. भावाचं म्हणणं, आपण नाही केलं तर दुसरा कोणी करेल. दुसऱ्यांनी केलंच, आणि त्यांच्याकडून आलेल्या धुरकट डिस्क आम्ही पाहिल्या. एक अपवाद ठेवला: डिस्क नाहीतरी चालतच नसेल, चरा उथळ असेल आणि मालकाने लिहून दिलं, तर नुसत्या बारीक पॉलिशने, वॉटर पेपरशिवाय, प्रयत्न करतो.

तोवर एक गंमत लक्षात आली. ‘चरा पडलाय’ म्हणून येणाऱ्या ब्लू-रेंवर बऱ्याचदा चरा नसायचाच, बोटाचा ठसा असायचा. कारण सोपं आहे. डिस्कच्या पृष्ठभागावर डीव्हीडीचा प्रकाश साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याएवढा पसरलेला असतो, त्यामुळे बारीक डाग त्याला सहज चुकवता येतो. ब्लू-रेचा ठिपका याच्या चौथ्या हिश्श्याएवढा. मग तेलाचा जरासा थरही त्याला भिंत वाटतो. म्हणजे पुन्हा स्पिरिट आणि मऊ कापड, बाबांचंच काम. ते तेव्हा दुकानात बसायचे, काही बोलले नाहीत, पण पुसणावळ किती घ्यायची यावर मात्र हटून बसले.

आता प्लेस्टेशनच्या पीएस-फोर, पीएस-फाइव्हवर गेम डिस्कवरून आत उतरवला जातो आणि मग डिस्क मुख्यतः मालकी पटवायला लागते. त्यामुळे झीज कमी झाली आहे. सुरुवातीलाच डिस्क ओळखत नसेल तर आम्ही आधी आतलं वर्तुळ, भोकाजवळची जागा तपासतो, कारण वाचन तिथून सुरू होतं. बिनड्राइव्हचे, म्हणजे डिस्क घालायची सोय नसलेले, कन्सोल आले आहेत, २०२४ चा पीएस-फाइव्ह प्रो तर ड्राइव्हशिवायच निघाला, ड्राइव्ह वेगळी घ्यावी लागते. तरी मोठ्या नव्या गेमची किंमत पाच हजारांच्या घरात असताना डिस्क विकता येते, बदलून घेता येते, मित्राला देता येते, हे लोकांना सोडवत नाही. त्यातून आमचं नवं काम निघालं आहे, जुनी डिस्क विकत घेण्याआधी तपासून देणं. दोघं काउंटरवर येतात, आम्ही दिव्याखाली डिस्क फिरवतो, शेवटपर्यंत वाचून बघतो आणि भाव त्यांचा त्यांना ठरवू देतो.

२०२० च्या टाळेबंदीत लोकांनी माळ्यावरचे पीएस-टू खाली काढले आणि दुकान उघडल्यावर डीव्हीडीच्या डिस्क पुन्हा ढिगाने आल्या. मशीनला परत तेलपाणी केलं. त्याचे मूळ पॅड आता मिळत नाहीत, आम्ही फेल्ट आणून कापतो. सोनीच्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या कन्सोलच्या छोट्या यूएमडी डिस्कही येतात. त्या कवचातच असतात, पण कवचाची पारदर्शक खिडकी निखळते, ती चिकटवून देतो. रोजचं पोट मात्र हल्ली कन्सोलच्या एचडीएमआय पोर्ट (टीव्हीची वायर लावायची जागा) आणि आतल्या पंख्यांवर भरतं, ते पुतण्या बघतो.

डिस्क घेऊन येणार असाल तर डब्यात आणा, रुमालात गुंडाळून नको. जमलं तर कन्सोलही आणा. आणि घरी काय काय लावून पाहिलंत ते खरं सांगा, राखुंडी असली तरी.